मशीनला कुंकू दिसत नाही

एप्रिलमध्ये सकाळी अकरा वाजता जालन्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्या उन्हात गिरिजा कंपनीचं आवार ओलांडत होती, आणि नेमकी तेव्हाच वावटळ उठली. तिच्या हातातल्या पन्नास-एक चिठ्ठ्या क्षणात आभाळात!

"अगं बाई— धरा! धरा की!"

कोणाला म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण गेटपाशी रिक्षातून नुकताच उतरलेला एक तरुण खांद्यावरची बॅग खाली टाकून धावला. एक चिठ्ठी पाण्याच्या टाकीजवळ, दोन टेम्पोच्या चाकाखाली, एक कडुलिंबाच्या फांदीत. लिंबाला मोहर आला होता. फांदी हलवताच त्याच्या केसांवर बारीक पांढरी फुलं पडली, आणि ती तशीच घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला.

"मोजून घ्या. अठ्ठेचाळीस हायेत."

"एकोणपन्नास होत्या."

तो गोंधळला. खिसे चाचपले, मागे वळून पाहिलं. गिरिजाने ओठ दाबून त्याच्या पायाकडे बोट दाखवलं. एकोणपन्नासावी चिठ्ठी त्याच्याच बुटाखाली होती.

चिठ्ठी झटकताना त्याचा चेहरा बदलला. "याला रक्त लागलंय... तुम्हाला कुठं लागलं का?"

"रक्त न्हाई हो! कुंकू हाय." तिला हसू आवरेना. "नंदाबाई लावतात. आमच्या लॅबच्या."

"चिठ्ठीला कुंकू?"

"हो."

"चांगलंय," तो म्हणाला. देवभोळ्या माणसांची कंपनी दिसते, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. रोजच्या श्वासाबद्दल कोण कोणाला सांगत बसतं? पण पुढचं सगळं रामायण त्या न विचारलेल्या प्रश्नातून घडलं, एवढं लक्षात असू द्या.

गोष्ट दोन हजार सहा सालची. पूर्णाकाठ सीड्स ही कपाशीच्या बियाण्याची कंपनी. आवाराच्या एका टोकाला लॅब. तिथे प्रत्येक लॉटमधलं थोडं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि शंभरातलं किती उगवतं ते मोजायचं. दुसऱ्या टोकाला गोदाम. जो लॉट पास होईल, तोच तिथून बाहेर पडायचा. लॅबमध्ये एक कॉम्प्युटर, गोदामात दुसरा. दोघांचे प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांनी बनवलेले, त्यामुळे यांचं तोंड पूर्वेला तर त्यांचं पश्चिमेला. लॅबने काढलेला आकडा गोदामाला कळायचा तो गिरिजाच्या पायांनी. लॅबमधून चिठ्ठ्या घ्यायच्या, एकशे सत्तर पावलं चालायचं आणि गोदामाच्या कॉम्प्युटरवर तेच आकडे पुन्हा टाइप करायचे. चार वर्षं ती हे करत होती आणि एकही आकडा चुकला नव्हता.

हे काम होतं म्हणून ती जालन्यात होती. टेंभुर्णीच्या काकासाहेबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, अण्णांनी, चार वर्षांपूर्वी स्वच्छ सांगितलं होतं, "नोकरी हाय तवर ऱ्हाय मावशीकडं. नोकरी सुटली की गुमान घरी यायचं. मंग मी दाखवीन त्या घरी जायचं." अण्णा शब्दाचे पक्के होते. दोन्ही बाजूंनी.

आणि तो लिंबाची फुलं डोक्यावर घेऊन आलेला तरुण नेमकं हेच काम बंद करायला आला होता.

गोदामाचे मॅनेजर देवानंद साहेबांनी दुपारी सगळ्यांना बोलावून ओळख करून दिली. "हे मच्छिंद्र. औरंगाबादहून आलेत. आपले दोन्ही कॉम्प्युटर हे जोडणार. गिरिजा, तुला सगळं माहीत हाय, तू यांना बराबर समजावून सांग. महिन्याभरात तुझी ही पायपीट बंद!"

साहेबांनी हे बक्षीस दिल्यासारखं सांगितलं. गिरिजा कशीबशी हसली.

तिने ठरवलं होतं, विचारलं तेवढंच सांगायचं. पण मच्छिंद्र माणूस असा, की त्याच्याशी तुटक बोलणं जमेना. तो वडीगोद्रीचा. हायवेवर वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान. शिकून औरंगाबादला गेला तरी बोली गावचीच राहिली होती. त्याला प्रत्येक गोष्टीचं नवल वाटे. लॅबमध्ये ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली आणि आतून कोवळे पांढरे कोंब दिसले, की हा श्वास धरून वाकायचा.

"रोज पाहता तुम्ही हे?"

"रोज."

"आणि रोज... काही वाटत न्हाई?"

गिरिजाने त्या कोंबांकडे पाहिलं. खरंच की! पहिल्या वर्षी वाटायचं. मग कधी वाटेनासं झालं, ते तिला आठवेना.

"तुमचं ते जोडणं," एकदा तिने चहा पुढे करत विचारलं, "म्हंजे मधून वायर टाकणार?"

"वायर तर हाये. वायरीनं काय होतं? दोन घरं एका गल्लीत असली म्हणून बोलणं होतं का?" त्याने बशी खाली ठेवली. "असं बघा. जाफराबादच्या स्टँडवर चौकशीची खिडकी असती ना? आत कोण बसलंय, कसलं रजिस्टर हाय, आपल्याला काय करायचं? खिडकीपाशी जायचं, ठरल्या पद्धतीनं विचारायचं, ठरलेलं उत्तर घ्यायचं. तशी खिडकी प्रोग्रामला असती. तिला एपीआय म्हणतात. तुमच्या लॅबच्या प्रोग्रामला हाय, गोदामाच्याला बी हाय. पण ह्याची पद्धत येगळी, त्याची येगळी. म्हणून मधात तिसरा. पुण्याच्या एका कंपनीचा प्रोग्राम हाये. त्याला दोन्ही खिडक्यांवर बोलायला शिकवायचं. ह्या खिडकीतून उचलायचं, त्या खिडकीत द्यायचं."

"म्हंजे मध्यस्थ," गिरिजा म्हणाली. "सोयरीक जुळवायला असतो तसा."

"अगदी!" तो खूश झाला. मग कशाने कोण जाणे, कान लाल करून चहा ढवळत बसला. चहात साखर केव्हाच विरघळली होती.

तिनेही त्याला तिचं जग सांगितलं. "आमच्याकडं बीजप्लॉट असतात. एका वावरात दोन वाण. नर वाण येगळा, मादी वाण येगळा. शेजारी शेजारी उभे, पण आपण होऊन जुळत न्हाईत. मंग संध्याकाळी बाया जातात. उद्या उमलायची ती मादीवाणाची कळी नखानं सोलायची, आतले केसर काढून टाकायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी नराचं फूल आणून तिला लावायचं... हलकं. एकेका फुलाला असं. दोन महिने. माझी आई, चांगुणाबाई, पंधरा वर्षं झाली करून राह्यली. तिच्या नखांचा रंगच बदलला."

"एकेका फुलाला?"

"एकेका."

"म्हंजे ह्या गोदामातलं प्रत्येक बी..."

"कोण्या तरी बाईच्या बोटातून आलंय."

मच्छिंद्रने छतापर्यंत रचलेल्या पोत्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बराच वेळ.

"मी उगंच पुण्याहून प्रोग्राम मागवला," तो हळूच म्हणाला. "तिसरा तर तुमच्याकडं कवाचा हाय."

त्या दिवशी एकशे सत्तर पावलांचं आवार गिरिजाने कसं ओलांडलं, ते तिला कळलं नाही. ऊन तेच होतं, पण भाजत नव्हतं.

चाचणीचा दिवस आला. गेल्या हंगामाचे लॉट घेऊन पाहायचं ठरलं. मच्छिंद्र लॅबमध्ये, गिरिजा गोदामात, मध्ये फोन.

"बघा हं... पाठवतो."

ती पडद्याकडे बघत राहिली. रिकाम्या रांगा. बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज. आणि अचानक पहिल्या रांगेत आकडा उमटला. चौऱ्याऐंशी. मग दुसरा. मग भराभरा, एकाखाली एक, सरी भरत गेल्या. कोणी चाललं नव्हतं, कोणी टाइप केलं नव्हतं, आवारात पाखरूही हललं नव्हतं. जे तिचे पाय चार वर्षं करत होते, ते तिच्या डोळ्यांसमोर डोळ्याचं पातं लवायच्या आत होत होतं.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आलं का?" फोनमधून आवाज. "गिरिजा? आलं का हो?"

पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली होती. 'मॅडम' कुठे गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"आलं..." ती म्हणाली. "सगळं आलं. किती... किती सुंदर हाय हे!"

आपलीच नोकरी जाताना पाहून कोणी सुंदर म्हणेल का? पण तिला वाटलं ते वाटलं. अण्णांची एस.टी. तिला त्या पडद्यामागे उभी दिसत होती, तरी नजर हटत नव्हती.

सोमवारपासून खरं काम सुरू झालं. त्या दिवशी गिरिजा गोदामात नुसती बसून होती. पाय सारखे उठू पाहत होते. अकराच्या सुमाराला देवानंद साहेब पडद्याकडे बघून ओरडले, "अरे, हे काय! तेहतीस लॉट नापास?"

तेहतीस रांगा लाल झाल्या होत्या. कंडम झालेला लॉट त्याच दिवशी आवाराबाहेर काढायचा, चांगल्यात मिसळू द्यायचा नाही, हा कंपनीचा नियम. साहेबांनी तेलगिरणीचा टेम्पो मागवला आणि हमालांनी पोती उचलायला सुरुवातही केली.

"साहेब, एकदा लॅबला विचारा तर..."

"विचारायचं काय? म्हणून तर मशीन जोडलं. मशीन खोटं बोलत न्हाई."

गिरिजाने वाकून पाहिलं. टेंभुर्णीचा चौदा नंबर. सेहेचाळीस टक्के. हा तर तिच्या आईच्या हातचा लॉट! आणि याचे कागद नंदाबाईंनी गुरुवारी ओले केले होते. आज सोमवार. चौथा दिवस.

चौथा दिवस...!

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कपाशीचं बी दोनदा मोजतात. चौथ्या दिवशी एकदा आणि बाराव्या दिवशी शेवटचं. चौथ्या दिवशी निम्मं बी अजून झोपलेलंच असतं. पण लॅबच्या प्रोग्राममध्ये आकड्याला रकाना एकच. नंदाबाई चौथ्या दिवसाचा आकडा त्यातच टाकायच्या आणि बाराव्या दिवशी पुसून नवा लिहायच्या. मग कुठला आकडा कच्चा आणि कुठला पक्का, हे कळायचं कसं? कुंकवाने! पेरणीला, बी ज्यातून सोडतात त्या चाड्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय बियाण्याची मूठ धरत नाहीत, तसं बाराव्या दिवसाचा आकडा हाती आला की नंदाबाई चिठ्ठीवर कुंकवाचं बोट टेकवायच्या. बोट टेकलेली चिठ्ठीच गिरिजा उचलायची. चार वर्षं. कोणी लिहून ठेवलं नव्हतं आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. चाचणीतले जुने लॉट सगळे पक्केच होते, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही.

ती उठली. आणि थांबली.

गप्प बसलं तर? टेम्पो जाईल. दोन-चार दिवसांत चूक उघडी पडेल. मग हे जोडकाम उपटून फेकतील, मच्छिंद्रला हाकलतील आणि चिठ्ठ्या पुन्हा तिच्या हातात येतील. नोकरी राहील, जालना राहील. तिने काहीच करायचं नाही, फक्त बसायचं. इतकं सोपं.

हमालाने चौदा नंबरचं पोतं पाठीवर घेतलं. त्या पोत्यातलं एकेक बी आईच्या काळवंडलेल्या नखांतून आलं होतं. आणि पलीकडे लॅबमध्ये तो बसला होता, कोंब पाहून श्वास धरणारा.

गिरिजा धावली. एकशे सत्तर पावलं त्या दिवशी किती झाली कोण जाणे. चप्पल आवारातच राहिली, पाय पोळले. लॅबचं दार ढकलून ती धापा टाकत ओरडली, "मच्छिंद्र! कुंकू! मशीनला कुंकू दिसत न्हाई!"

तो उडालाच. "काय दिसत न्हाई?"

तिने तुटक तुटक सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा रंग उतरला. पुढच्या मिनिटाला तो आवारात टेम्पोच्या पुढ्यात हात पसरून उभा होता.

देवानंद साहेब जे तापले! "बंद करा ते थर्ड पार्टी! तेहतीस लॉटची माती झाली असती! सहा-सहा महिन्यांची मेहनत लोकांची!"

"चूक मपली हाये, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. मान खाली नव्हती. "मी दोन्ही मशीनला विचारलं. मधल्या माणसाला विचारलं न्हाई. चिठ्ठीवरचं कुंकू पहिल्या दिवशी ह्या हातानं पुसत होतो मी..."

"बंद म्हंजे बंद!"

"कामून बंद?" आवाज गिरिजाचा होता. सगळे वळले. "माझ्याकडनं नेलेलं काम हाय ते. मी चार दिवसांत शिकले असं वाटतं का तुम्हाला? मला बी नंदाबाईनं शिकवलं. त्याला बी शिकवा. एक रकाना वाढवा. पक्कं झालं का, हो किंवा न्हाई. नंदाबाईनं हो म्हटल्याबिगर त्यानं आकड्याला हात लावायचा न्हाई."

साहेबांनी हमालांना पोती परत आत लावायची खूण केली. मच्छिंद्र तिच्याकडे असा पाहत होता, जसा पहिल्या दिवशी त्या कोंबांकडे पाहत होता.

साहेब गेल्यावर नंदाबाईंनी गिरिजाच्या पोळलेल्या पायावर माठातलं पाणी ओतलं आणि न राहवून मच्छिंद्रला म्हणाल्या, "येड्या, तुला ठावं तरी हाय का? तुझं मशीन चाललं की हिला टेंभुर्णीची गाडी. गप बसली असती तर नोकरी वाचत होती पोरीची."

"नंदाबाई!" गिरिजा ओरडली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

तिची आवारात राहिलेली चप्पल मच्छिंद्र उचलून घेऊन आला होता. ती त्याने धूळ झटकून तिच्या पायांजवळ ठेवली, दोन्ही अंगठे बरोबर समोर करून.

नवा रकाना तीन दिवसांत झाला. इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'कुंकू'. साहेब हसले, पण राहू दिलं. आणि महिनाअखेर गिरिजाचं काम संपत असल्याचा कागदही आला, ठरल्याप्रमाणे.

शेवटच्या दिवशी मच्छिंद्र गोदामात आला, हातात लिफाफा. "हे आमच्या औरंगाबादच्या साहेबांचं पत्र. जालन्यातल्या आणखी चार बियाणे कंपन्यांचं जोडकाम आलंय. त्यांना बियाणं कळणारं माणूस पाहिजे. मी तुमचं नाव सांगितलं. काम इथंच, जालन्यात."

गिरिजाने पत्र दोनदा वाचलं. अक्षरं ओली दिसायला लागली.

"आणि..." तो अडखळला. "आणखी एक हाये. पण ते अलग. नोकरीचं पत्र अलग, ते अलग. त्याचं उत्तर न्हाई आलं तरी नोकरी तुमचीच. दोन्ही... जोडू नका."

"जोडायचा धंदा तुमचा, आणि जोडू नका म्हणता?"

"ह्या बाबतीत न्हाई." त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "तुम्ही पडद्यापाशी बसा. मी लॅबमध्ये जातो. शेवटची चाचणी हाये."

ती बसली. आवार ओलांडणारी त्याची पाठ दिसत होती. मग लॅबचं दार लागलं. पडदा रिकामा होता. आणि मग, कोणी न चालता, कोणी न बोलता, एक रांग उमटली.

लॉट: वडीगोद्री–टेंभुर्णी. उगवण: माझ्याकडून शंभर. कुंकू: तुम्ही सांगाल तेव्हा.

गिरिजा किती तरी वेळ त्या रांगेकडे पाहत राहिली. हा आकडा वाऱ्यावर उडणार नव्हता, बुटाखाली जाणार नव्हता. तो तेवढं आवार ओलांडून, दोन खिडक्यांतून, नेमका तिच्यापाशी आला होता. माणसाच्या मनातलं असं येऊ शकतं? तिचे हात कीबोर्डवर गेले. 'हो' टाइप करायला दोन बोटं पुरली असती.

तिने हात उचलले. पदर खोचला आणि ती चालायला लागली.

लिंबाखालून, टाकीजवळून, एकशे सत्तर पावलं. या वेळी तिने ती मोजली. लॅबचं दार उघडलं तेव्हा मच्छिंद्र पडद्यासमोर पाठमोरा बसून उत्तराची वाट बघत होता. शेजारी नंदाबाई, कुंकवाचा करंडा उघडून तयारीत. म्हणजे बाईंना सगळं आधीच ठाऊक होतं तर!

"उत्तर आलं न्हाई अजून," तो पडद्याशीच पुटपुटला.

"आलंय," गिरिजा दारातून म्हणाली.

तो गर्रकन वळला.

"तुमचा मध्यस्थ चांगला हाय. पण हे उत्तर मी तिसऱ्याच्या हाती देणार न्हाई. म्हणून चालत आले." तिने नजर हलवली नाही. "उगवण माझ्याकडून बी शंभर."

नंदाबाईंनी बोट करंड्यात बुडवलं. "मंग टेकवू का?"

"न्हाई नंदाबाई, थांबा! आज चौथा दिवस धरा." गिरिजा मच्छिंद्रकडे बघून हसली. "बाराव्या दिवशी टेंभुर्णीला या. आईवडिलांना घेऊन. अण्णांना माझं मी सांगून ठेवते. कुंकू तिथंच लागंल."

इतके आकडे इकडून तिकडे नेणारा माणूस, पण चारापासून बारापर्यंतचे दिवस मच्छिंद्रने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. आठ भरले. तरी खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजले.

नंदाबाईंनी करंड्याचं झाकण लावलं आणि बोट पदराला पुसलं.